किराण्याच्या यादीपासून ताटापर्यंत: चांगली कर्बोदकं कशी निवडायची

वजन वाढलं किंवा रिपोर्टात साखर जरा वर दिसली की पहिला सल्ला येतो, भात बंद कर. दुसरा येतो, पोळी सोड आणि भाकरी खा, हवी तेवढी. दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि बरीच गडबडही. आपल्या जेवणाची खरी अडचण अशी, की ताटातली बहुतेक जागा धान्यच व्यापतं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, चहाबरोबर टोस्ट, रात्री पुन्हा पोळी-भात. डाळ वरणापुरती, भाजी तोंडी लावण्यापुरती. अशा ताटात पोळीच्या जागी भाकरी आली तर थोडा फायदा होतो, पण ताटाचा तोल तसाच राहतो.

म्हणून धान्य कुठलं आणि किती, हे दोन्ही एकत्र ठरवावं लागतं. त्याची सुरुवात मी ताटापासून करायला सांगणार नाही. ती किराण्याच्या यादीपासून करायची. रोज जेवताना वजनकाटा घेऊन कोणी बसत नाही, पण महिन्याला घरात किती काय आलं हे सांगता येतं.

पहिली पायरी: महिन्याच्या सामानाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला 2000 कॅलरींच्या आहाराचं एक नमुना ताट आहे. कच्च्या वजनात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मटण) 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिली, दाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम. एकूण ऊर्जेपैकी साधारण 45 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा धान्याचा नसावा, असा त्यामागचा विचार आहे.

हे आकडे चार मोठ्या माणसांच्या घराला आणि तीस दिवसांना लावून बघा. धान्य 30 किलो. त्यात गहू, ज्वारी, तांदूळ तर आलेच. पोहे, रवा, शेवया, मुरमुरे, मैदा, पाव आणि बिस्किटंही त्यातच. डाळी-कडधान्यं 10 किलो. म्हणजे धान्याच्या तीन किलोंमागे डाळ-कडधान्य साधारण एक किलो.

आता आपली मागच्या महिन्याची यादी काढा आणि दोन बेरजा करा. मासे-अंडी खाणाऱ्या घरात ती डाळीच्या बाजूला धरा. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर एकूण आकडे कमी होतील, शेतात राबणारा किंवा कष्टाचं काम करणारा कोणी असेल तर वाढतील; प्रमाण मात्र साधारण तेच राहील. बऱ्याच घरांत धान्याची बेरीज फार चुकलेली नसते, डाळीची बाजू मात्र निम्मीही भरत नाही. तसं असेल तर पहिला बदल सोपा आहे. पुढच्या महिन्यात धान्य दोन-तीन किलोंनी कमी आणायचं आणि तेवढीच मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, कुळीथ वाढवायचे. घरात असेल तेच शिजतं.

यादीत साखर-गूळही बघा. त्याकडे पुढे येऊच.

दुसरी पायरी: चांगलं-वाईट कशावरून ठरवायचं

कर्बोदकं म्हणजे पिष्ट (स्टार्च), साखर आणि तंतू (फायबर). पहिल्या दोघांपासून एका ग्रॅमला 4 कॅलरी मिळतात. तंतू बहुतांशी पचत नाहीत. ते पिष्टाचं पचन लांबवतात, पोट भरल्यासारखं ठेवतात आणि मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी अन्नातून दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सुचवले आहेत.

ग्लायसेमिक इंडेक्स हा शब्द आता बहुतेकांनी ऐकलेला असतो. टोरोंटो विद्यापीठातले डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये तो मांडला. शुद्ध ग्लुकोज 100 धरायचं आणि बाकीचे पदार्थ रक्तातली साखर त्या मानाने किती वाढवतात ते बघायचं. 55 किंवा त्याखाली कमी, 70 किंवा त्यावर जास्त. कल्पना चांगली, पण चाचणीत तो एकच पदार्थ रिकाम्या पोटी खायला देतात. आपण नुसता भात खात नाही. त्यावर वरण असतं, तूप असतं, शेजारी कोशिंबीर असते. शिवाय तांदळाचा वाण, शिजवण्याची पद्धत, दळण यांवर आकडा बराच हलतो. त्यामुळे इंटरनेटवरचे तक्ते पाठ करण्यात अर्थ नाही.

घरच्या वापराला मला दुसरी कसोटी जास्त उपयोगी वाटते: दर 10 ग्रॅम कर्बोदकांमागे निदान 1 ग्रॅम तंतू आहेत का? पोषण संस्थेच्याच 2017 च्या अन्नघटक तक्त्यांवरून 100 ग्रॅम कच्च्या धान्याचे आकडे असे. ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं आणि 10 ग्रॅम तंतू. बाजरीत 62 आणि 11.5. नाचणीत 67 आणि 11. कोंड्यासकट गव्हाच्या पिठात 64 आणि 11. हे सगळे पास. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 78 ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम 2.8 ग्रॅम तंतू, मैद्यातही तंतू तेवढेच. हे दोन्ही नापास. अख्ख्या हरभऱ्यात 25 आणि अख्ख्या मुगात 17 ग्रॅम तंतू आहेत, म्हणजे कडधान्यांच्या जवळपास कोणीच येत नाही.

या यादीत गव्हाकडे नीट बघा. कोंडा न काढलेला गहू तंतूंच्या बाबतीत ज्वारीच्या मागे नाही. पोळीला उगाच बदनाम केलं गेलंय. पोळी खालावते ती चाळणीत.

तिसरी पायरी: धान्य आणि दळण

गहू लोकवन घ्या, सिहोर घ्या, परवडला तर खपली घ्या. दळून आणा आणि पीठ बारीक चाळणीने चाळू नका. पोळी जरा जाडसर होते, घरचे आठवडाभर कुरकुरतात, मग सवय होते. तयार पाकिटातलं पीठ घेत असाल तर मागच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे 10 ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत का ते बघा, आणि घटकांच्या यादीत मैदा नाही ना तेही.

ज्वारी आणि बाजरी यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यांच्या भाकरीत कर्बोदकं पोळीपेक्षा काही नाटकीपणे कमी नसतात. उलट एका भाकरीला 50-60 ग्रॅम पीठ लागतं आणि मध्यम पोळीला 30 च्या आसपास. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. “मी पोळी सोडली, आता तीन भाकऱ्या खातो” म्हणणाऱ्याने सहा पोळ्यांचं धान्य खाल्लेलं असतं. मग भाकरीची बाजू घ्यायची कशासाठी? ती घरी, कोंड्यासकट पिठाची होते, मैद्याची भेसळ तिच्यात शिरत नाही, एका भाकरीत पोट भरतं आणि तिच्याबरोबर आपसूक पिठलं, झुणका, मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा, ठेचा येतो. ही संगतच अर्धं काम करते.

बाजरीत स्निग्धांश जास्त, 5 ग्रॅमच्या वर. त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर कडवट होतं. किलो-दीड किलोच दळा आणि आठ-दहा दिवसांत संपवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. कडू भाकरीमुळे बाजरी कायमची सोडलेली घरं आहेत. दोष धान्याचा नव्हता, डब्यात पडून राहिलेल्या पिठाचा होता.

नाचणीत 100 ग्रॅमला 364 मिलिग्रॅम कॅल्शियम, बाकी कुठलंही रोजचं धान्य तिथे पोचत नाही. पण नाचणी खायची रीत महत्त्वाची. भाकरी, आंबोळी, घावन उत्तम. सत्त्व करताना मात्र आपण नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळतो. तंतू त्या फडक्यात राहतात आणि खाली उतरतं ते बारीक पिष्ट. बाळाला आणि आजारी माणसाला तेच हवं असतं. मधुमेह असलेल्या माणसाने “नाचणी आहे ना” म्हणून गूळ घालून वाडगाभर खीर पिणं हे वेगळं प्रकरण आहे.

भाताबद्दल. मऊ, चिकट होणारा भात सहसा लवकर पचतो, मोकळा होणारा त्यामानाने सावकाश. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचा वास सोडवत नाही हे मला मान्य आहे. त्यांना वाटीत बसवायचं, परातीत नाही. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ ही जमेची बाजू. साळ (न सडलेला भात) सालीसकट उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि नंतर सडलं तरी बरंचसं टिकतं. त्याचं पिष्टही साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश पचतं. हातसडीचा मिळाला तर घ्या, पण थोडा थोडा. कोंड्यातल्या तेलामुळे तोही लवकर खवट होतो.

शिजवून गार केलेल्या भातातलं थोडं पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं, म्हणून फोडणीच्या भाताचं सध्या कौतुक चाललंय. फरक होतो, पण थोडाच. त्या भरवशावर दुप्पट खाऊ नये. शिळा भात ठेवायचा तर तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

चौथी पायरी: ताट वाढताना

250 ग्रॅम धान्य दिवसात कसं बसतं? सकाळी पोहे 30 ग्रॅम, दुपारी दोन पोळ्या आणि शिजवलेली एक वाटी भात, रात्री एक भाकरी, वर दिवसभरात आणखी दोन पोळ्या. झाले 250. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण यात चहाबरोबरची बिस्किटं नाहीत आणि संध्याकाळचा वडापावही नाही. बैठं काम असेल आणि वजन उतरवायचं असेल, तर आधी दिवसभरातल्या त्या दोन पोळ्या जातील.

वाढायचा क्रम बदलून बघा. आधी ताटाचा अर्धा भाग भाजी, पालेभाजी आणि कोशिंबीर यांनी भरा. मग उसळ किंवा घट्ट वरणाची मोठी वाटी. उरलेल्या जागेत पोळी किंवा भात. खातानाही सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने केली, तर जेवणानंतर साखर कमी उसळते. लिंबू, दही, ताक हेही थोडा हातभार लावतात. आणि जेवणावर दहा-पंधरा मिनिटं चालणं: स्नायू त्या वेळी रक्तातली साखर वापरतात, म्हणून शतपावली रात्रीपुरती न ठेवता दुपारीही जमली तर बरं.

बटाटा, रताळं, सुरण, मका, कच्ची केळी ही भाजी म्हणून शिजली तरी हिशोबात धान्याच्या रांगेत बसतात. बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे पिष्टाबरोबर पिष्ट. डब्यात ती द्यायचीच असेल तर एक पोळी कमी आणि काकडी-गाजर जास्त.

वरणाबद्दलही एक टोचणी. पातळ वरणाच्या वाटीत डाळ मुठीभरही नसते. 85 ग्रॅमपर्यंत जायचं तर दिवसातून एकदा उसळ, पिठलं, आमटीत शेंगदाणे किंवा वाल, डाळिंब्या, नाही तर मुगाचं धिरडं हवंच.

पाचवी पायरी: नाश्ता आणि उपास

नाश्त्यात आपण सर्वांत जास्त घसरतो. पोहे, उपमा, शिरा, शेवया, इडली, ब्रेड: सगळी पॉलिश केलेली किंवा कोंडा काढलेली धान्यं. ती टाकून द्यायची नाहीत. पोह्यांत मूठभर पोहे कमी करून मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला, वर लिंबू पिळा. शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही घ्या. उपम्यात भाज्या रव्याइतक्या असू द्या.

याहून चांगलं काय? थालीपीठ. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे असं सगळं भाजून दळलेलं असतं. धान्य आणि डाळ एकाच पिठात. वर कांदा, मेथी किंवा किसलेला दुधी घातला की भाजीही आली. माझ्या मते मराठी स्वयंपाकघरातला हा सर्वांत शहाणा नाश्ता आहे, तेल बेताचं सोडलं तर. मिसळही वाईट नाही: मटकी ठेवा, फरसाण चिमूटभर, आणि दोन पावांच्या जागी एक किंवा एकही नाही.

उपासाच्या दिवशी मात्र गणित उलटं होतं. साबुदाणा हे कसावा या कंदाचं जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावापुरती, तंतू तसेच. त्यात बटाटा घालून खिचडी, वर साबुदाण्याचा वडा, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा. दाण्याचं कूट थोडी लाज राखतं. त्याऐवजी वरीचा भात बेताचा आणि दाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याची भाकरी, सुरणाची किंवा भोपळ्याची भाजी, दही, ताक. खिचडी हवीच असेल तर एक वाटी, ताकाबरोबर आणि एकदाच.

सहावी पायरी: साखर, गूळ, फळं आणि पाकिटं

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतली साखर मिळून एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरींच्या आहारात ही 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. सपाट चमचाभर साखर 4-5 ग्रॅम असते. दोन चमच्यांचे तीन चहा, संपली मर्यादा. चार माणसांच्या घरात महिन्याला साखर-गूळ मिळून 3 किलो, आणि त्यातच बाहेरची मिठाई, जॅम, सॉस, शीतपेयं बसवायची. चहातली साखर दर आठवड्याला पाव चमच्याने कमी करा. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी माणूस दोन चमचे घालून मोकळा होतो.

गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण तोही मुख्यतः साखरच. मध, काकवी, खजुराचा पाक, सगळ्यांना तोच नियम. “गुळाचा आहे” म्हणून मोदकाची संख्या वाढवू नये.

फळ चावून खा. रसात तंतू जातात आणि तीन संत्र्यांची साखर दोन मिनिटांत पोटात उतरते. बाजारातल्या डबाबंद रसांवरचा “100 टक्के फळांचा रस” हा दावा काढायला देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, एफएसएसएआयने, जून 2024 मध्ये उत्पादकांना सांगितलं, कारण बऱ्याच रसांत मुख्य भाग पाण्याचा असतो. आंब्याच्या दिवसांत हापूस कापून, दुपारच्या खाण्याला म्हणून घ्या. भरल्या जेवणावर साखर घातलेला आमरस आणि पुऱ्या हे सणाचं पक्वान्न आहे, सणालाच शोभतं.

पाकिट उलटून बघायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. “मल्टिग्रेन”, “नाचणी”, “डायजेस्टिव्ह” असं पुढे मोठ्या अक्षरांत असतं आणि मागे पहिला घटक मैदा, दुसरा साखर किंवा पाम तेल, नाचणी कुठेतरी खाली पाच-सहा टक्के. ब्राउन ब्रेडचा रंगही कधी कधी कॅरॅमलचा असतो. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप ही नावं दिसली तर ती साखरेच्याच रांगेत धरा. आणि तक्ता 100 ग्रॅमचा वाचा. “एका सर्व्हिंगचा” आकडा दोन बिस्किटांचा असतो, आणि दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस विरळा.

सातवी पायरी: आपल्या शरीरावर तपासून बघणं

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या अभ्यासाच्या अंदाजानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. तुम्ही त्यांपैकी असाल आणि घरी ग्लुकोमीटर असेल, तर एकच जेवण दोन प्रकारे खाऊन बघा. एका दिवशी नेहमीसारखं दोन वाट्या भात आणि पातळ वरण, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एक वाटी भात, उसळ आणि कोशिंबीर. जेवण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. कोणाला भात झेपतो आणि पाव चढतो, कोणाचं उलट. आंतरजालावरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तुमच्या वहीतले हे आकडे खरे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना मात्र धान्य एकदम कमी करू नका. औषधाचा डोस जुन्या जेवणाच्या मापाचा असतो आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक आणि गोंधळल्यासारखं वाटलं तर आधी साखर-पाणी घ्या, नियम नंतर. असा बदल डॉक्टरांशी बोलूनच करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी वाढवण्याआधीही विचारा. गरोदरपणात आणि वाढत्या मुलांत भात-पोळी तोडायचा प्रयोग करू नये. तिथे फक्त बिस्किटं, पाव, शीतपेयं काढली तरी पुष्कळ.

तंतू हळूहळू वाढवा. आठवड्याला एक-दोन बदल, आणि पाणी जास्त. काल पांढरा भात आणि आज हरभऱ्याची उसळ, भाकरी, मोड आलेले मूग एकदम खाल्ले, तर पोट गुडगुडून बंड करतं आणि दोष कडधान्यांवर येतो. ती रात्रभर भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, मऊ शिजवली तर त्रास कमी होतो.

गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन ज्यांना अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, वरी सगळं खुलं आहे. खपली गहूच आहे, तो चालणार नाही. आणि त्यांचं दळण गव्हाच्या चक्कीवर जाता कामा नये. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात राहतंच. घरगुती छोटी चक्की फक्त या धान्यांसाठी ठेवणं, किंवा गहू न दळणारी गिरणी शोधणं, हे दोनच मार्ग आहेत.